भोंगा झाल्यानंतर चालू ठेवलेल्या बटणाबाबत

पुरवणी जबाब. वार शुक्रवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

जबाब देणारीचे नाव: कार्डावर आहे तेच, कार्डाची प्रत सोबत लावली आहे. त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही; गल्लीत लहानथोर सगळे जिजी म्हणतात. वय: कार्डाप्रमाणे एकाहत्तर, माझ्या अंदाजाने त्याहून दोन-चार जास्त. धंदा: घरकाम, पूर्वी काचेच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपाचे काम, एकतीस वर्षे. शिक्षण: नाही. राहणार: कारखान्यामागची तिसरी गल्ली, इस्त्रीच्या दुकानासमोरचे बैठे घर.

मी समक्ष ठाण्यात येऊन जबाब देते, म्हणजे मी सांगते आणि हवालदार लिहितात, की वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा, सून व सहा वर्षांची नात असे राहतो. मुलगा गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. सून घरी शिलाई करते. आजच्या तारखेस मुलगा याच ठाण्याच्या कोठडीत आहे, सून हॉस्पिटलमध्ये आहे आणि नात सुनेच्या भावाकडे आहे. घरी मी एकटी आहे.

मंगळवारच्या प्रकाराबाबत माझा एक जबाब त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात घेतलेला आहे. त्यात मी सांगितले की दुपारच्या भोंग्याला मी बॅटरीचे बटण बंद केले व नंतर मला झोप लागली. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी जागी होते आणि बटण चालू होते. आजचा जबाब त्यासाठी.

हवालदारांनी विचारले की आजी, तुम्हाला कोणी शिकवून पाठवले आहे काय. त्यावर सांगते की मला शिकवायचा प्रयत्न आजवर दोघांनी केला. शाळेच्या मास्तरांनी एक दिवस आणि सुनेने दोन महिने. दोघांनीही हात टेकले. तिसरा अजून जन्माला यायचा आहे. हे लिहायचे नव्हते असे हवालदार म्हणतात, पण विचारले तेच सांगितले.

आमच्या भागात वीज दुपारी दोनच्या सुमारास जाते ती सहाला येते. सुनेच्या मशीनला मोटर आहे व सुईवर दिवा आहे. ते चालावे म्हणून मुलाने सव्वा वर्षापूर्वी इन्व्हर्टर बसवला आणि त्याला ट्रकमधून काढून टाकलेली जुनी बॅटरी जोडली. त्याला असल्या बॅटऱ्यांचा लळा आहे. कोणी टाकून दिली की हा घरी आणणार, धुणार, पुसणार, पाणी भरणार आणि म्हणणार, "आई, हिच्यात अजून जीव आहे." मी म्हणायची, माझ्यात पण आहे, मला कधी पुसतोस?

बॅटरी मोरीशेजारच्या अडगळीच्या खोलीत होती. खोली चार पावलांची. एक खिडकी, एक दार. चार्जर गॅरेजमध्येच बनवलेला होता. भरली की आपोआप थांबेल असा तो नव्हता. बंद करेपर्यंत तो भरतच राही. त्याच्यावरचा लाल दिवा वर्षभरापूर्वी गेला होता, त्यामुळे चालू आहे की बंद हे त्याच्याकडे बघून कळत नसे. बटण खोलीत नाही. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर, माझ्या बसायच्या पाटाच्या वर आहे, आणि वायर दाराखालून गेलेली आहे. फळ्यावर तीन बटणे आहेत. माझी चूक होऊ नये म्हणून सुनेने बॅटरीच्या बटणाखाली लाल कापडाची पट्टी चिकटवली होती.

पहिल्याच दिवशी मुलाने आम्हा दोघींना खोलीत उभे करून सगळे समजावले होते, हे मी लपवत नाही. बॅटरी भरत आली की आतले पाणी उकळल्यासारखे बुडबुडते व त्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी पडली तर तो बंदुकीच्या बारासारखा उडतो. म्हणून खिडकी कायम उघडी. आधी बटण बंद करायचे, मग चिमटे काढायचे. चालू असताना चिमटा ओढला तर ठिणगी पडतेच. आणि आतले पाणी हे पाणी नव्हे, ॲसिड आहे. अंगावर उडाले तर नळाखाली धरायचे, अर्धा तास, कितीही ओरडलात तरी. सून म्हणाली, एवढं सगळं आहे तर घरात कशाला? तो म्हणाला, गॅस सिलिंडर पण घरातच आहे ना.

बटणाचे काम माझ्याकडे आले. सकाळी आठच्या भोंग्याला चालू, दुपारी बाराच्या भोंग्याला बंद. मला घड्याळ वाचता येत नाही, पण भोंगा मला वाचावा लागत नाही. एकतीस वर्षे मी त्याच भोंग्यावर वाढप केले आहे. तेव्हा भोंगा ऐकू आला नाही, विसर पडला, डोळा लागला, यातले काहीही मी सांगणार नाही. भोंगा मला रोज ऐकू आला. मंगळवारीही आला.

दोन वाजायच्या आत सून येऊन चार्जरचे चिमटे काढायची आणि इन्व्हर्टरचे लावायची. खोलीत शिरताना ती रोज विचारायची, "जिजी, बंद?" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "बंद." ती चिमटा काढायची. सव्वा वर्षात हे एकदाही चुकले नाही.

विचारल्यावरून सांगते की बटण उशिरा बंद करणे मी दीड-दोन महिन्यांपूर्वी सुरू केले. कारण असे की बॅटरी म्हातारी झाली होती. पूर्वी सहापर्यंत पुरायची ती पाचला, मग साडेचारला दम तोडू लागली. दिवा पिवळा पडायचा आणि सून मशीन सोडून दारात येऊन हातशिलाई करायची, कापड नाकाला लावून. मी ते बघत बसायची. माझ्या मनात आले की पोट भरत नसेल तर अजून थोडे वाढावे.

यात कँटीनची सवय आहे. तिथे भोंगा झाला की वाढपाची खिडकी बंद करायचा नियम होता. मी कधी केली नाही. भोंग्यानंतर पाच मिनिटे मी खिडकी उघडी ठेवायची, कारण भट्टीवरची माणसे शेवटी येतात आणि नेमकी तीच जास्त भुकेली असतात. साहेबांनी दोनदा ताकीद दिली. निवृत्त झाले तेव्हा त्याच साहेबांनी भाषणात त्या पाच मिनिटांचे कौतुक केले. नियमाच्या वर थोडे वाढले तर माणूस आशीर्वाद देतो, हे मी जन्मभर पाहिले होते. बॅटरी माणूस नाही हे मला माहीत होते. तरी केले.

सुरुवातीला मी माझे जेवण होईपर्यंत चालू ठेवायची. मग जेवण आणि भांडी. मग भांडी झाल्यावर थोडी पाठ टेकायची, पण डोळे बटणावर. सून रोज त्या वेळी तयार कपडे पोचवायला किंवा बटणे-धागा आणायला बाहेर असते. ती परत आली की फाटकाची कडी वाजते. कडी वाजली की मी बटण बंद करायची आणि तिने विचारले की "बंद" म्हणायची. म्हणजे त्या दिवसांत मी खोटे बोलले नाही. असा माझा समज होता.

बॅटरी खरोखरच पाच-सात दिवस जास्त चालली. सून म्हणाली, जिजी, म्हातारी सुधारली हो. मी म्हटले, कोणती? त्यावर ती हसली. त्या दिवशी मला जे वाटले ते इथे सांगण्यासारखे नाही.

नंतर ती पुन्हा कमी चालू लागली. मी अजून थोडे वाढवले.

मागच्या आठवड्यापासून दुपारी घरात कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला. मुलाला तो आला नाही, कारण तो संध्याकाळी येतो आणि गॅरेजच्या वाफांत त्याचे नाक केव्हाच निवृत्त झाले आहे. मी सुनेला टोचले. म्हटले, चौदा कोट शिवायला घेतलेस आणि अंडी उबवायला ठेवलीस. तिला बँडवाल्यांच्या चौदा कोटांचे काम मिळाले होते, लाल कापड आणि सोनेरी जर, म्हणून तसे म्हटले. टोपलीतली सहाही अंडी तिने माझ्यासमोर एकेक करून वाटीत फोडली आणि प्रत्येक वाटी माझ्या नाकाखाली धरली. सगळी ताजी होती. मी म्हटले, मग तुझं नाक नासलं असेल. ती म्हणाली, "जिजी, वास बॅटरीचा आहे. हात लावून बघा, तव्यासारखी तापलीये."

मी हात लावून बघितले. तापली होती. तिच्या कडा फुगल्या होत्या. तरी मी म्हटले, जेवल्यावर पोट फुगतंच.

सोमवारी सून बाहेर गेल्यावर वास स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून मी खोलीची खिडकी लावून घेतली व वर पोते टांगले. दाराखालच्या फटीत सुनेच्या कापडाच्या चिंध्या कोंबल्या. वायर तेवढी बाहेर ठेवली. लाल चिंध्या, बँडच्या कोटांच्या. हे काम मी एकटीने केले, कोणी सांगितले नव्हते. सुनेला त्या दिवशी शिवायचे नव्हते, जर यायची होती, म्हणून ती खोलीत गेली नाही.

मंगळवारी सकाळी आठच्या आत मुलगा व सून यांच्यात बोलणे झाले. तेच समोरच्या इस्त्रीवाल्याने आपल्या जबाबात सांगितले आहे, म्हणून मी ते नीट सांगते. सून म्हणाली, "ती आजच्या आज बाहेर काढा." मुलगा म्हणाला, शनिवारी दुसरी आणतो, तोवर चालव. ती म्हणाली, पाणी किती पिते बघा, चार दिवसांत तीनदा भरलंत. तेव्हा मुलाने माझ्याकडे वळून विचारले, "आई, भोंग्याला बंद करतेस ना?"

मी म्हटले, "एकतीस वर्षं भोंग्यावर काढली मी. मला विचारतोस?"

हे उत्तर नाही, हे मला कळत होते. त्याला कळले नाही. तो म्हणाला, मग एखादा सेल गेला असणार. सून पुन्हा म्हणाली की मला त्या खोलीत जायची भीती वाटते. त्यावर मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आता जास्त बोललीस तर त्यातलं पाणी तुझ्याच डोक्यावर ओतीन." हे वाक्य इस्त्रीवाल्याने ऐकले ते बरोबर आहे. त्याने शब्दही बदललेला नाही. पण यानंतर सुनेने हातातली मापाची टेप त्याला फेकून मारली, ती त्याच्या गळ्यात अडकली आणि तो ती तशीच गळ्यात घालून फाटकापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, माप घ्यायला संध्याकाळी येतो. सून हसत नव्हती, पण ओठ दाबून उभी होती. हे इस्त्रीवाल्याला दिसले नाही, कारण त्याच्या टेबलावरून आमची खिडकी दिसते, फाटक दिसत नाही. तो माणूस वाईट नाही. त्याने ऐकले तेवढे सांगितले. टेप अजून फाटकाच्या खिळ्याला टांगलेली आहे, ती पंचनाम्यात घ्यावी.

आठच्या भोंग्याला मी बटण चालू केले. बाराला भोंगा झाला. मी उठून बटणापाशी गेले. बोट लाल पट्टीवर ठेवले. सुनेला त्या दिवशी जर शिवायची होती आणि जरीला उजेड लागतो. मी बोट काढून घेतले आणि जेवायला बसले.

दीड वाजून गेल्यावर सून बटणे घेऊन परत आली. फाटकाची कडी वाजली नाही. का वाजली नाही ते मला नंतर कळले. मुलगा तिच्या दोन मिनिटे आधी आला होता. सकाळचे बोलणे त्याच्या मनाला लागले असावे, कारण शनिवारची वाट न बघता तो गॅरेजच्या हातगाडीवर दुसरी बॅटरी घालून घेऊन आला होता, आणि गाडी आत यावी म्हणून त्याने फाटक दगड लावून उघडे ठेवले होते. तो अंगणात गाडीची दोरी सोडत होता. ती बॅटरी अजून आमच्या अंगणात हातगाडीवर आहे. पंचनाम्यात तिचा उल्लेख नाही. का नाही ते मला माहीत नाही. बायकोच्या तोंडावर ॲसिड फेकायला आलेला माणूस सोबत नवी बॅटरी आणत नाही, एवढे मला कळते आणि मी शाळेत गेलेली नाही.

मला सुनेच्या चपला एकदम बोळात ऐकू आल्या. अडगळीच्या दाराला हात घालत ती म्हणाली, "जिजी, बंद?"

मी म्हटले, "बंद."

आणि उठू लागले. माझा बेत असा होता की ती चिंध्यांत अडकलेले दार लोटून आत जाईपर्यंत मी बटणाला पोचेन. पाटापाशी उभे राहिले की बटण हाताच्या अंतरावर आहे. पण बसल्या जागेवरून उठायला मला गुडघे धरावे लागतात.

हवालदारांनी विचारले की ओरडून थांबवता आले नसते काय. आले असते. माझा आवाज चांगला आहे, कँटीनमध्ये शंभर माणसांच्या वर जायचा. ओरडले असते तर भोंगा होऊन दोन तास होत आले तरी बटण चालू आहे हे सगळ्यांना कळले असते. म्हणून ओरडले नाही.

त्यानंतर बार झाला.

सून दोन्ही हात तोंडावर धरून बोळात आली. ती ओरडत नव्हती, श्वास ओढत होती. मुलगा अंगणातून धावत आला, काय झाले असे त्याने विचारलेदेखील नाही. तिचा अंबाडा धरला, तिला ओढत अंगणातल्या नळापाशी नेले, गुडघ्यावर पाडले आणि नळ पूर्ण सोडून तिचे तोंड खाली धरले. बोटांनी तिचे डोळे उघडून त्यात पाणी जाऊ दिले. तेव्हा ती किंचाळू लागली. सोडा, सोडा म्हणत होती. तो सोडत नव्हता. तो मोठ्याने म्हणत होता, "गप्प बस, डोळे उघड, गप्प बस." स्फोटाच्या आवाजाने दुकानाबाहेर आलेल्या इस्त्रीवाल्याने हेच पाहिले व ऐकले. माझा मुलगा सुनेला केसांना धरून मारत होता असे त्याने सांगितले आहे. लांबून तसेच दिसले असणार. इस्त्रीवाला व आणखी तिघे फाटकातून आत आले आणि त्यांनी मुलाला ओढून बाजूला केले. तो त्यांना सांगत होता की अजून धरायला पाहिजे, अजून वेळ झालेला नाही. त्याच्या तोंडावर एकाने मारले. सुनेला चादर गुंडाळून रिक्षातून नेले. नळ तसाच वाहत राहिला.

मी त्या वेळी कुठे होते असे विचारता, सांगते. मी अंगणात गेले नाही. बार झाल्यावर मी पहिले काम केले ते बटण बंद करण्याचे. दुसरे काम, दाराखालच्या व बोळात पसरलेल्या चिंध्या गोळा करून चुलीमागे लपवण्याचे. खिडकीवरचे पोते काढले. काच फुटलेलीच होती. चिंध्या ॲसिडने भिजलेल्या होत्या, त्याने माझ्या डाव्या हाताची बोटे व अंगठा भाजला, कातडी दुसऱ्या दिवशी निघाली. विचारणाऱ्यांना मी सांगितले की तवा लागला. चिंध्या अजून तिथेच आहेत. त्यांना आता भोके पडली आहेत. या तिन्ही कामांना मला फार वेळ लागला नाही. गुडघे धरावे लागले नाहीत.

त्यामुळे पंचनाम्यात बटण बंद असे आले. तपासणीला आलेल्या माणसाने मुलाला सांगितले म्हणे की नुसती पडून असलेली बॅटरी आपोआप फुटत नाही. आणि माझ्या जबाबात बटण भोंग्याला बंद केले असे आहे. सुनेचा भाऊ बस कंडक्टर आहे, सरळ माणूस आहे. तो म्हणतो, बटण बंद होतं तर ॲसिड उडालं कुठून? सकाळी ओतीन म्हणाला, दुपारी ओतलं, आणि बॅटरी मागाहून फोडली. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटले असते, आणि याच्याहून मोठ्या आवाजात.

बुधवारी मी हॉस्पिटलमध्ये सुनेपाशी गेले. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. उजव्या डोळ्याची आशा कमी आहे, डाव्याचे सोमवारी पट्टी सुटल्यावर कळेल असे डॉक्टर म्हणाले. तिला मी आल्याचे चपलांच्या आवाजावरून कळले. पाणी पाजले, ते तिने घेतले. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जिजी, बंद होतं?"

मी म्हटले, "बंद होतं."

ती मग म्हणाली, "मला आधी उजेड दिसला. मग काहीच नाही. मग त्यांनी माझे केस धरले." पुढे म्हणाली, "बंद होतं तर मग काय झालं, जिजी?" मी म्हटले, झोप आता. तिने पांघरूण स्वतःच ओढून घेतले. गुरुवारी मी गेले तेव्हा तिने मुलाचे नावही काढले नाही. तिचा जबाब आज दुपारी चार वाजता घेणार आहेत असे भावाने मला सांगितले. ती काय सांगणार आहे ते तिचे अजून ठरलेले नाही असे मला दिसते. खोटे ती सांगणार नाही. पण तिच्याजवळ खरे म्हणून जे आहे ते मी दिलेले आहे.

आज सकाळी मी मुलाला डबा घेऊन ठाण्यात आले. पहाऱ्यावरच्या शिपायाने पाच मिनिटे दिली. त्याचा ओठ सुजलेला आहे. त्याला बटणाबद्दल मला काही विचारायचेच नव्हते. तो म्हणाला, सेल आतून शॉर्ट झाला असेल, चूक माझी, मी ती घरात आणायलाच नको होती, तू भोंग्याला बंद करत होतीस म्हणून इतके दिवस तरी निभावलं. मग एवढेच म्हणाला, "आई, मी तिला लवकर सोडलं का गं? अर्धा तास धरायला पाहिजे होतं. पाच मिनिटंसुद्धा नाही धरता आलं."

त्याने डब्यातले अर्धे खाल्ले. मी अजून घे म्हटले नाही. जन्मात पहिल्यांदा.

तिथून मी थेट या टेबलापाशी आले.

सबब माझे सांगणे असे की मुलाने सुनेवर ॲसिड टाकलेले नाही. बॅटरी फुटली ती चार्जर जास्त वेळ चालू राहिल्याने, खोली बंद असल्याने आणि चालू असताना चिमटा ओढल्याने. चार्जर मी चालू ठेवला, खोली मी बंद केली, आणि सुनेने चिमटा ओढला तो मी बंद म्हटल्यावर. तिने काहीही चुकीचे केले नाही. जो काही गुन्हा होत असेल तो माझ्या नावावर लिहावा. कार्डावर नाव आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यांनी एका ठिकाणी "नजरचुकीने बटण चालू राहिले" असे लिहिले होते. माझी नजर शाबूत आहे, आणि ती सगळा वेळ बटणावरच होती. ते खोडून "चालू ठेवले" असे करून घेतले व त्याजागी अंगठा दिला आहे. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. मंगळवारच्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. त्या अंगठ्याची कातडी आता राहिलेली नाही, म्हणून आज उजव्याचा दिला आहे. दोन ठसे वेगळे दिसले तरी बाई एकच आहे.

हवालदारसाहेबांना एक विनंती केली ती त्यांनी लिहून घेतली आहे. मला वाचता येत नाही म्हणून हे मला वाचून दाखवले. सुनेला वाचता येते, पण दिसत नाही. तिने मला दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी बंद म्हटले. चार वाजायच्या आत हा कागद हॉस्पिटलमध्ये नेऊन तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावा. मी दाराबाहेर उभी राहीन. तिने बोलावले तर आत जाईन.

समक्ष. उजव्या हाताचा अंगठा.